दिग्दर्शकाची पारख

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’ कादंबरीत पार्वती आणि चंद्रमुखी या दोघींची कधीच भेट होत नाही. १९५५ साली बिमल रॉय यांनी या कथेवर हिंदी चित्रपट काढला. त्यात गावाकडच्या वाटेवर पार्वतीची पालखी येते, चंद्रमुखी पायी चाललेली असते. दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहतात आणि आपापल्या दिशेने निघून जातात. एक शब्दही उच्चारला जात नाही. २००२ साली संजय लीला भन्साळी यांनी तीच कथा हाती घेतली. त्यांच्या चित्रपटात या दोघी भेटतात, बोलतात आणि दुर्गापूजेच्या उत्सवात, झुंबरांच्या प्रकाशात, एकत्र नृत्यही करतात.

कथा एक, पात्रे तीच, दोन्हीकडे नामवंत कलावंत. तरीही एका ठिकाणी प्रेक्षक स्तब्ध होतो आणि दुसऱ्या ठिकाणी टाळ्या वाजवतो. हा फरक नटांनी केलेला नाही, लेखकाने तर नाहीच. त्या दोन स्त्रियांना वाटेवरून नुसते जाऊ द्यायचे की दिवाणखान्यात नाचवायचे, हा निर्णय एका माणसाचा होता. भन्साळींच्या त्या प्रसंगातील वैभव, वेशभूषा, नृत्याची घडण यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर कित्येक वर्षे मनात राहते ती पालखीतून झालेली ओझरती दृष्टादृष्ट, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाचकांनी घरी दोन्ही पाहून आपले मत बनवावे.

वाचकहो, सुट्टीच्या दिवशी घरात चित्रपटाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘त्यात कोण आहे?’ ‘काढला कोणी?’ हे विचारणारा विरळा. पेढीवर माल घेताना मात्र आपण वेष्टनावरच्या चित्राला भुलत नाही. माल कोणाच्या हातचा आहे, याची आधी चौकशी करतो. चित्रपटाच्या बाबतीत ही सवय आपण दाराबाहेर का ठेवतो, कोण जाणे. दिग्दर्शक नेमके करतो काय, हे ठाऊक नसणे हे त्याचे एक कारण असावे. त्याचे काम पडद्यावर सर्वत्र असते, पण तो स्वतः कोठेच दिसत नाही.

ते काम समजून घेण्यासाठी त्याच १९५५ सालातील दुसऱ्या एका चित्रपटाकडे वळू. सत्यजित राय यांचा बंगाली ‘पथेर पांचाली’. त्याच्या घडणीविषयी राय यांनी स्वतः पुष्कळ लिहून ठेवले आहे, म्हणून पडद्यामागचा हिशेब येथे बराचसा उघडून पाहता येतो.

राय तेव्हा कलकत्त्यातील एका ब्रिटिश जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरीला होते. एकही चित्रपट त्यांनी केलेला नव्हता. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची १९२९ सालची कादंबरी त्यांनी निवडली. खेड्यातील दरिद्री पुरोहिताचे कुटुंब, दुर्गा आणि अपू ही दोन भावंडे, घरातील एक वृद्ध आत्या, एवढाच ऐवज. पूर्ण लिहून काढलेली पटकथा नव्हती. एका वहीत प्रसंगामागून प्रसंग शाईने चितारलेले होते. ती वही घेऊन ते निर्मात्यांच्या दारोदार हिंडले. गाणी नाहीत, प्रसिद्ध नट नाहीत, प्रेमकथा नाही, आणि दिग्दर्शक नवखा. बहुतेकांनी नकार दिला. या निर्मात्यांना आज अरसिक म्हणणे सोपे आहे. परंतु भांडवल घालणारा मनुष्य मागच्या वह्या पाहूनच पुढचा व्यवहार ठरवतो, आणि मागच्या कोणत्याही वहीत असा माल खपल्याची नोंद नव्हती. त्यांचे चुकले ते इतकेच, की माणूस पारखण्याचे कामही त्यांनी वह्यांवरच सोपवले.

शेवटी राय यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, जमवलेली पुस्तके व ध्वनिमुद्रिका विकल्या, पत्नी बिजया यांचे दागिने गहाण पडले. ऑक्टोबर १९५२ मध्ये काशाच्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या माळरानावर चित्रीकरण सुरू झाले. अपू आणि दुर्गा प्रथमच आगगाडी पाहतात तो हा प्रसंग. पहिल्या दिवशी तो अर्धाच झाला. काही दिवसांनी मंडळी पुन्हा तेथे गेली, तो फुले नाहीशी झालेली. गुरांनी ती खाऊन टाकली होती. दुसरे एखादे रान शोधून काम उरकता आले असते. राय यांनी पुढच्या वर्षी ती फुले पुन्हा येईपर्यंत वाट पाहिली.

गहाण पडलेल्या दागिन्यांवर व्याज चढत असताना एका फुलासाठी वर्षभर थांबणे हा कोणत्याही व्यापाऱ्याला वेडेपणा वाटेल. पण तो प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या थांबण्याची किंमत कळते. पांढरी लाट, तिच्यातून डोके वर काढून धावणारी दोन मुले, आणि पलीकडून काळा धूर सोडत जाणारी गाडी. पांढऱ्यावर काळे उमटल्याशिवाय त्या मुलांचे विस्मय आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते.

याच रानातील आणखी एक गोष्ट. अपू ताईला शोधत चालतो, थबकतो, इकडेतिकडे पाहतो, पुन्हा चालतो. अपूचे काम करणारा सुबीर हा लहान मुलगा त्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिलेला नव्हता. त्याला समजावून सांगितले तेव्हा तो शाळेतील कवायतीसारखा चालू लागला. राय त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या वाटेवर जागोजाग काटक्या टाकल्या आणि त्या ओलांडून जाण्यास सांगितले. काही सहायक गवतात वेगवेगळ्या ठिकाणी लपले आणि ठरलेल्या क्षणी त्यांनी त्याला हाका मारल्या. मुलगा अडखळला, थांबला, वळून पाहू लागला. पडद्यावर दिसते ते एका भावाचे व्याकूळ शोधणे. अभिनय म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यातील किती भाग दिग्दर्शकाने जमिनीवर पसरून ठेवलेला असतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

मिठाईवाल्याचा प्रसंग तर सर्वांनाच आवडतो. कावड खांद्यावर घेतलेला गलेलठ्ठ मिठाईवाला पुढे, त्याच्यामागे खिशात पैसा नसलेली दोन भावंडे, आणि सर्वांत शेवटी गावातील कुत्रा. तळ्याच्या काठाने ही मिरवणूक जाते आणि तिचे उलटे प्रतिबिंब पाण्यात चालते. कुत्रा मागे येईना, तेव्हा दुर्गाने पाठीमागे धरलेल्या हातात मिठाई ठेवण्यात आली. प्रसंग अर्धा झाला आणि पैसे संपले. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले तेव्हा तो कुत्रा मेलेला होता आणि मिठाईवाल्याचे काम करणारे गृहस्थही निवर्तले होते. त्याच रंगाचा दुसरा कुत्रा मिळाला. मिठाईवाल्यासाठी तेवढ्याच अंगाचा दुसरा माणूस शोधला आणि त्याची केवळ पाठ दाखवली. एका क्षणी एक मिठाईवाला चौकटीतून बाहेर पडतो आणि पुढच्या क्षणी दुसराच घराच्या फाटकात शिरतो. ठाऊक नसेल तर कोणालाही संशय येत नाही. काशफुलांसाठी वर्षभर थांबणारा हाच माणूस येथे मात्र चटकन तडजोड करतो. कशासाठी थांबायचे आणि कोठे भागवून न्यायचे, हा विवेक ज्याला साधतो त्याच्याच हाती मोठे काम सोपवावे.

या दीर्घ खोळंब्यात तीन गोष्टींची धास्ती होती, असे राय यांनी नमूद केले आहे. अपूचा आवाज फुटला असता, दुर्गा मोठी झाली असती, किंवा आत्याबाईंचे काम करणाऱ्या चुनीबाला देवी मरण पावल्या असत्या, तर चित्रपट तेथेच संपला असता. चुनीबाला ऐंशीच्या घरात होत्या. तिन्ही गोष्टी घडल्या नाहीत. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. ‘पथेर पांचाली’ म्हणजे वाटेचे गीत, आणि सरकारी दप्तरात ती रक्कम रस्तेसुधारणेच्या खाती पडली. चित्रपटाचे हक्कही सरकारकडे गेले.

चुनीबालांचा उल्लेख आला म्हणून कलावंतांच्या निवडीविषयी थोडे. त्या जुन्या काळच्या रंगभूमीवरील, पुढे विस्मृतीत गेलेल्या नटी. सुबीर हा शेजारच्या गच्चीवर खेळताना बिजया राय यांच्या नजरेस पडला. आपल्याकडे पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ काढला तेव्हा तुकारामांच्या भूमिकेसाठी निवडलेले विष्णुपंत पागनीस हे पूर्वी नाटकातून स्त्रीभूमिका करीत. आणि आवलीचे काम करणारी गौरी ही काही नावाजलेली नायिका नव्हती. दामले मूळचे ध्वनिलेखनातले आणि फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. आज त्या चित्रपटात पागनीसांशिवाय दुसरे तुकाराम आणि गौरीशिवाय दुसरी आवली कल्पिता येत नाही. ज्याचे नाव अजून कोणाच्या वहीत नाही अशा माणसाचा गुण ओळखणे, हा दिग्दर्शकाच्या कामाचा पहिला अर्धा भाग होय.

मूळ ग्रंथाशी राय यांनी घेतलेली मोकळीकही पाहण्यासारखी आहे. कादंबरीत वृद्ध आत्या, इंदिर ठाकरुण, आरंभीच निधन पावते. चित्रपटात राय यांनी तिला अपू कळता होईपर्यंत जगवले. त्यामुळे घरातील ओढाताण, सून-नणंदेतील रुसवे, दुर्गाने चोरून आत्याला फळ आणून देणे, हे सारे पडद्यावर दीर्घकाळ राहते. आणि तिचे निष्प्राण शरीर बांबूच्या बनात मुलांनाच आढळते. मृत्यूशी मुलांची ही पहिली ओळख होऊन गेल्यामुळे पुढे दुर्गाचे जाणे अधिक जिव्हारी लागते.

दुर्गाच्या मृत्यूनंतरचा प्रसंग हा माझ्या दृष्टीने चित्रपटाचा कळस. बाप हरिहर कित्येक महिन्यांनी परगावाहून घरी येतो. मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून पत्नीला दाखवतो, आणि शेवटी दुर्गासाठी घेतलेली साडी पुढे करतो. तोवर दगडासारखी बसलेली सर्वजया ती साडी तोंडाशी धरून कोसळते. तिचे तोंड उघडते, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा टिपेचा स्वर उठतो. रवि शंकर यांनी या चित्रपटाचे संगीत एका रात्रीच्या बैठकीत पुरे केले होते, आणि तारशहनाई दक्षिणामोहन ठाकुर यांनी वाजवली. करुणा बॅनर्जी यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री समोर असताना तिचा आवाजच काढून घेणे, हे धाडस दिग्दर्शकाचे. खरा आक्रोश ऐकला असता तर आपण त्या बाईविषयी हळहळलो असतो. तो स्वर ऐकताना मात्र दुःख आपल्याच घशात अडकते.

सारे श्रेय एकट्याला देणे मात्र अन्यायाचे होईल. छायालेखक सुब्रत मित्र यांनी याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता. वय जेमतेम एकवीस. पुढच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटाच्या वेळी काशीतील घराचे अंगण उघड्यावर उभारायचे होते. पावसाच्या भयाने ते कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधावे लागले. आकाशातून झिरपणारा सावलीविरहित उजेड स्टुडिओत आणणे अशक्य आहे, असा वाद मित्र यांनी राय आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त या दोघांशी घातला. वाद ते हरले, पण मग त्यांनीच अंगणावर पांढरे कापड ताणले आणि खालून दिवे त्यावर सोडून परतलेल्या उजेडात चित्रण केले. तो उजेड खराच दिसतो. युक्ती मित्र यांची, हे निर्विवाद. पण हट्ट धरणारा कोणी नसता तर ती सुचण्याची वेळच आली नसती.

ऑगस्ट १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ कलकत्त्यात प्रदर्शित झाला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५६ साली कान येथील महोत्सवात मानवी जीवनाचा सर्वोत्तम दस्तऐवज म्हणून तो गौरवला गेला. १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्याच्या मूळ फिल्मची मोठी हानी झाली. पुढे अनेक वर्षांच्या खटपटीनंतर तो पुन्हा स्वच्छ करण्यात आला आणि ही नवी प्रत २०१५ पासून पाहावयास मिळते. बंगाली येत नसले तरी अडत नाही, कारण महत्त्वाच्या जागी संवाद फारच थोडे आहेत. दोन तासांचा चित्रपट आहे. घरात लहान मुले असतील तर आत्या आणि दुर्गा यांच्या मृत्यूचे प्रसंग त्यांच्यासोबत बसून पाहावेत. आणि शेवटाकडे, घर सोडण्याची आवराआवर चालू असताना, अपूच्या हाती करवंटीतला एक मण्यांचा हार लागतो, तेव्हा कोणीही उठून जाऊ नये. शेजारणीने दुर्गावर ज्याच्या चोरीचा आळ घेतला होता तोच तो हार. अपू तो तळ्यात भिरकावून देतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर फाटते आणि सावकाश पुन्हा मिटते.