ताट कोण वाढते?

काही वर्षांपूर्वी स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन सात महिने झालेल्या एक बाई माझ्याकडे तपासणीला आल्या. वय चाळिशीचे. वजन अपेक्षेप्रमाणे उतरत होते, साखर आटोक्यात आली होती. पण चेहरा ओढलेला होता, विंचरताना केसांचे पुंजके निघत होते आणि हिमोग्लोबिन घसरले होते. मी दिलेला आहारतक्ता त्यांनी पर्समधून काढला. तो घड्यांवर फाटत आला होता, म्हणजे रोज उघडला जात होता. त्यात सहा वेळचे खाणे होते आणि प्रत्येक वेळेपुढे पदार्थ व ग्रॅम. "यातलं काय जमत नाही?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "मॅडम, सकाळी अकराला मी स्वयंपाकात असते. संध्याकाळी साडेसातला सगळ्यांना गरम पोळ्या वाढत असते. माझं जेवण साडेनऊला, उरेल त्यात."

तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. चूक माझ्या विचारपुशीत होती. त्यांचे रक्ताचे अहवाल, औषधे, जुने आजार, सगळे मी विचारले होते. तुमच्या घरात ताट कोण वाढते, एवढे मात्र विचारले नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारते. तो आपण सर्वांनीच विचारावा, यासाठी हे संपादकीय.

शस्त्रक्रियेने काय बदलते ते आपल्याला पाठ आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो आणि शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी उरते. रू-एन-वाय बायपासमध्ये जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी राहते आणि अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून पुढे जाते. भूक चेतवणारे घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होते. स्लीव्हमध्ये तो घुमटच जात असल्याने सुरुवातीचे महिने भूक मंदावलेली असते. हे सगळे काही तासांत घडून जाते. घरी मात्र डब्याचा आकार तोच, जेवणाची वेळ तीच, ताटाशेजारचा तांब्याही तोच. पानात टाकू नये हा लहानपणापासूनचा संस्कार तसाच असतो आणि पाहुण्याला आग्रह करणारे हातही तसेच असतात.

त्यातला पानात टाकण्याचा मुद्दा आपण फार हलका समजतो. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबा, असे आपण सांगतो. ती जाणीव कुणाला छातीत दाटल्यासारखी होते, कुणाला उचकी लागते, कुणाच्या नाकाला पाणी येते. त्या क्षणी ताटात दोन घास उरलेले असतील, तर अन्न वाया घालवण्याचे पाप नको म्हणून माणूस ते दोन घास घेतोच आणि पाच मिनिटांत उलटी करतो. इच्छाशक्ती वाढवा, असे सांगून हे सुटत नाही. मुळात कमी वाढून घेणे हाच यावरचा उपाय आहे. मी देवघरातल्या नैवेद्याच्या वाटीचे माप सांगते. ती घरोघरी असते आणि तिचा आकार वेगळा समजावून द्यावा लागत नाही. सोबत लहान मुलाचा चमचा, वीस ते तीस मिनिटांचा वेळ, आणि तांब्या ताटापासून दूर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट, दिवसभरात दीड लिटर तरी. जेवणाच्या शेवटी ताक पिण्याची सवय असेल, तर तेच ताक मधल्या वेळेला न्यावे.

वाढणारी व्यक्ती दुसरी असेल, तर तिच्या मनात काय चालले आहे हेही समजून घ्यायला हवे. "ती काहीच खात नाही हो, चार घास तरी खायला सांगा," असे सासूबाई काकुळतीने म्हणतात. आजारातून उठलेल्या माणसाला आपल्याकडे पेज, वरणाचे पाणी, आटवल, साबुदाण्याची खीर देतात. ही परंपरा मायेची आहे आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत तिचा उपयोगही होतो. पण तीच पातळ खाणी महिनोन्‌महिने चालू राहिली, तर प्रथिने येणार कुठून? वरणाच्या पाण्यात पाणीच जास्त. अशा वेळी सासूबाईंना दूर सारू नका, त्यांना काम द्या. वरचे पाणी बाजूला काढून तळाचे घट्ट वरण तुम्हीच वाढा, असे सांगितले की त्यांच्या काळजीला वाट मिळते आणि रुग्णाच्या वाटीत डाळ येते.

पुरुष रुग्णांच्या घरी अडचण वेगळी असते. तक्ता त्यांच्या मोबाइलमध्ये असतो आणि स्वयंपाक करणाऱ्या पत्नीने तो पाहिलेलाच नसतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी एकटे राहणाऱ्यांचे ताट खानावळ वाढते. म्हणजे तिघांना तीन वेगळे सल्ले लागतात, आणि आपण छापलेला कागद मात्र एकच देतो.

आता थोडा हिशेब करू. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. शाकाहारी रुग्णाचा तिसऱ्या महिन्यातला एक चांगला दिवस घ्या. ३० ग्रॅम मूगडाळीचे धिरडे, साधारण ७ ग्रॅम. तेवढ्याच डाळीचे घट्ट वरण, आणखी ६-७. ५० ग्रॅम पनीर, ९. २५ ग्रॅम बेसनाचे पिठले, ५. २०० मिलिलिटर दूध, ६-७. शंभर ग्रॅम दही, ३ ते ४. एवढे सगळे त्या छोट्या पोटात गेले, तरी बेरीज चाळिशीच्या आसपासच थांबते. म्हणून सुरुवातीचे काही महिने प्रथिनांची पावडर लागतेच. 'घरचं सकस अन्न पुरे आहे' असे भावनेने म्हणून ती बंद करणे योग्य नाही. सोयाचे भिजवलेले वडे बारीक करून दिले, तर २० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडे चालत असेल तर एकामागे ६ ग्रॅम. कोकणात आणि गोव्यात काटे काढलेल्या मऊ माशाइतके सोपे अन्न दुसरे नाही. पिठल्याकडे तर आपण पुन्हा नव्याने पाहायला हवे. ते मऊ आहे, स्वस्त आहे, गावोगाव माहीत आहे. तेल मोजून घातले आणि नीट शिजवले, तर मऊ आहाराच्या टप्प्यात ते उत्तम बसते.

पोळीचे मात्र बहुतेकांना सुरुवातीला जमत नाही. घाईने चावलेल्या पोळीचा गोळा होतो आणि तो अडकतो. चिकट भाताचेही तसेच. इथे एक सापळा आहे. पोळी अडकते, कोंबडीचा तुकडा अडकतो, पण चहात बुडवलेली खारी अलगद उतरते. चिवडा, शेव, आइस्क्रीमही उतरतात. जे त्रास देत नाही तेच आपल्याला मानवते, असे रुग्णाला वाटू लागते. वर्षभराने वजनाचा काटा थांबतो, मग चढू लागतो, आणि रुग्ण शपथेवर सांगतो, "मी जेवतच नाही." तो खरेच बोलत असतो. जेवण थांबलेले असते आणि त्याची जागा चहा-खारीने घेतलेली असते. म्हणून 'काय जेवता?' या प्रश्नाच्या जोडीला 'चहा किती वेळा आणि चहाबरोबर काय?' हे विचारायलाच हवे. चहाच्या वेळेकडे लोहाच्या दृष्टीनेही लक्ष हवे, कारण जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करतो.

उपवासांबद्दल आपण रुग्णांशी नीट बोलत नाही. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. रुग्ण विचारत नाही, कारण डॉक्टर नाहीच म्हणतील अशी त्याची खात्री असते. मग तो न सांगता उपवास करतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यासोबत गोड चहा आला, तर बायपास झालेल्या रुग्णाला आधी डंपिंगचा त्रास होतो: अर्ध्या-पाऊण तासात धडधड, घाम, पोटात मुरडा. आणि एक ते तीन तासांनी साखर उतरून हातपाय थरथरतात. घरातले लोक त्याला उपवासाचा अशक्तपणा समजतात. निर्जळी उपवास तर या रुग्णांनी करूच नये. मात्र ज्याची प्रकृती स्थिरावली आहे आणि ज्याच्या मधुमेहाच्या औषधांचा मेळ डॉक्टरांनी बसवून दिला आहे, त्याला दूध, दही, पनीर, राजगिरा, थोडी शेंगदाण्याची आमटी असा उपवासाचा दिवस आखून देता येतो. रमजानच्या रोज्यांबाबतही हीच चर्चा महिनाभर आधी व्हायला हवी. श्रद्धेला नकार दिला की ती लपून पाळली जाते, आणि जे लपवले जाते त्याची काळजी आपल्याला घेता येत नाही.

सणासमारंभांचेही तसेच. पुरणपोळी, श्रीखंड, उकडीचा मोदक यांच्यावर कायमची फुली मारणारा तक्ता पहिल्याच गणपतीत कपाटात जातो. पहिले काही महिने गोड टाळावेच. पुढे प्रथिने खाऊन झाल्यावर, एका मोदकाचा चतकोर, सावकाश, हे बहुतेकांना झेपते. आग्रह करणाऱ्यांना काय म्हणायचे, याचीही तयारी करून घ्यावी. "आत्ता पोट भरलंय, डब्यात घालून द्या, घरी खाईन," या वाक्याने वाढणाऱ्याचा मान राहतो आणि आपले पोटही जपले जाते. माझ्या रुग्णांना मी हे वाक्य दोनदा म्हणून दाखवायला लावते.

गोळ्यांच्या बाबतीत तडजोड नाही. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट स्वरूपात, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, विभागून. लोह त्यापासून किमान दोन तास दूर. ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन, आणि ब-१२ आयुष्यभर. आपल्या शाकाहारी रुग्णांमध्ये ब-१२ मुळातच कमी असते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतलेल्यांमध्ये आणखी कमी. त्यावर ही शस्त्रक्रिया. हातापायांना येणाऱ्या मुंग्यांकडे 'अशक्तपणा' म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

एक इशारा ठळकपणे देते. शरीरातला थायामिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होणारा रुग्ण चालताना अडखळू लागला, त्याला दोन-दोन दिसू लागले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर वेर्निके एन्सेफॅलोपॅथीची शंका घ्या. ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायामिन गेले पाहिजे. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात झालेली असते आणि उलट्यांसाठी रुग्ण लातूरच्या किंवा रत्नागिरीच्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. म्हणून प्रत्येक रुग्णाजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचे नाव आणि ही सूचना लिहिलेले कार्ड असायला हवे. बायपास झालेल्यांच्या कार्डावर वेदनाशामक गोळ्यांबाबतची ताकीदही हवी, कारण त्यांच्यात जोडाजवळ व्रण होण्याचा धोका असतो. तरुण स्त्रियांना सांगायला हवे की वजन उतरताच गर्भधारणेची शक्यता वाढते, आणि पहिले १२ ते १८ महिने ती टाळणे बरे. ही गोष्ट सासरच्यांसमोर बोलायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून ती त्यांच्याशी एकांतात बोलावी.

आपला सगळा भर पहिल्या वर्षावर असतो, आणि खरी परीक्षा नंतर असते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या 'स्वीडिश ओबीज सब्जेक्ट्स' या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे काही वजन परत येते, आणि तरीही मोठा लाभ टिकून राहतो. रुग्णाला हे आधीच माहीत असेल, तर चढलेल्या चार किलोंची लाज वाटून तो आपल्याकडे येणे बंद करणार नाही. मद्याविषयीही स्पष्ट विचारावे. या शस्त्रक्रियांनंतर मद्य लवकर आणि जास्त चढते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मद्याच्या व्यसनाचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांपर्यंत गेल्याचे दिसले. खाण्यातला आधार सुटलेला माणूस दुसरा आधार शोधतो आहे का, हे पाहणे आपले काम आहे. दुःखात, एकटेपणात, रात्री अकराला फ्रिज उघडणारा हात शस्त्रक्रियेने बदलत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आपल्यासोबत हवेत.

सुरुवातीला सांगितलेल्या बाई पुढच्या वेळी मुलीला घेऊन आल्या. आम्ही तिघींनी मिळून नवा तक्ता केला, त्यांच्या घरच्या घड्याळाप्रमाणे. सकाळचे मधले खाणे कुकर लावण्याआधी. संध्याकाळी तवा चढवण्याआधी, सातला, मुलगी आईला बसवून पिठल्याची वाटी वाढणार आणि आईचे खाऊन होईपर्यंत घरात कुणी पोळी मागणार नाही. लोहाच्या गोळ्या नियमित झाल्या. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन सावरले. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या आधी जेवते." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

वाचकांना एकच विनंती आहे. शस्त्रक्रियेआधीच्या पहिल्या भेटीत केसपेपरवर तीन ओळी वाढवा: स्वयंपाक कोण करते, ताट कोण वाढते, आणि रुग्ण कितव्या पंगतीला जेवतो. दुसऱ्या भेटीला त्या वाढणाऱ्या व्यक्तीला बोलवा आणि तक्ता तिच्यासमोर लिहा. पहिले वर्ष सरल्यावरही वर्षातून एकदा तरी दोघांना पुन्हा बोलवा. काय जमले, काय जमले नाही, ते रुग्णाची ओळख वगळून आम्हाला कळवा. आपल्या स्वयंपाकघरांतून तयार झालेला आहारतक्ता आपल्याकडे अजून नाही. तो आपल्या सर्वांच्या नोंदींतूनच उभा राहील.