साथीदाराचं तिकीट कोणाच्या खिशातून?

वाढवणला बंदर येतंय आणि त्याच्या जोडीला विमानतळाचीही चर्चा आहे. डहाणू-तलासरीच्या चहाच्या टपऱ्यांवर ती जमिनीच्या भावापलीकडे जात नाही. एरवी या सदरात आपण लोकल आणि एसटीची रड गातो. आज विमानाकडे वळू, तेही ज्या प्रवाशाला सोबत माणूस लागतोच त्याच्यासाठी.

आधी एसटीचा हिशेब. तलासरीहून डहाणूला निघालेल्या दिव्यांगाला भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व 65 टक्के किंवा जास्त असेल, तर साथीदाराचं तिकीट निम्मं. आता हा साथीदार म्हणजे बहुतेक घरांत आई नाहीतर बायको, आणि 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. त्यामुळे साथीदार म्हणून तिच्या पदरात वेगळं काही पडत नाही, हा भाग निराळा! रेल्वेचा हात त्याहून सैल. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला सेकंड क्लास आणि स्लीपरमध्ये 75 टक्के सूट, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. डहाणू रोडला चाकाची खुर्ची गाडीत चढवताना चार हात लागतात ते लागतातच. पण त्यातले दोन हात कोणाचे, हे रेल्वेच्या नियमाला निदान ठाऊक आहे.

विमान कंपनीच्या लेखी मात्र तो माणूस म्हणजे आणखी एक गिऱ्हाईक. त्याला सवलत द्यायची सक्ती डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमात नाही. एखादी कंपनी देते, ती तिची मर्जी.

दुसरीकडे, एकट्याने जाऊ शकणाऱ्यालाही अडवलं गेलं आहे. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. 19 फेब्रुवारी 2012 रोजी मुंबईच्या ‘अडाप्ट’ संस्थेच्या परिषदेसाठी त्या कोलकात्याहून एकट्या गोव्याला निघाल्या होत्या. सीटवर बसल्यानंतर स्पाइसजेटने त्यांना खाली उतरवलं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. बरं, सोबत माणूस असला म्हणजे सुटका होते म्हणावं, तर मे 2022 मध्ये रांचीला आईवडील बरोबर असतानाही एका विशेष मुलाला इंडिगोने चढू दिलं नाही. पाच लाखांचा दंड झाला आणि डीजीसीएने नियम कडक केला: प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरांनी प्रवाशाला तपासावं, कर्मचाऱ्याने नुसत्या नजरेने ठरवू नये.

दंड होतात, पण खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न तिथेच राहतो. अमेरिकेत याचं सरळ उत्तर आहे. प्रवासी म्हणतो मला कोणी नको आणि कंपनी सुरक्षेसाठी सोबतीचा आग्रह धरते, तर त्या सोबत्याचं भाडं कंपनीने घ्यायचं नाही. कॅनडात 2009 पासून मोठ्या कंपन्यांना देशांतर्गत उड्डाणांत, सोबत लागणाऱ्या प्रवाशाकडून एकच भाडं घ्यावं लागतं. आपल्याकडे निदान पहिला नियम तरी उद्याच आणता येईल. जो अट घालतो, त्याने पैसे भरावेत. यात कंपन्यांचं दिवाळं निघेल असं म्हणणाऱ्याने आधी आकडे दाखवावेत.

पालघरच्या खासदारांनी हा विषय संसदेत काढावा. वाढवणचं विमानतळ होईल तेव्हा होईल. आज उपचारासाठी परराज्यात जाणारा इथला माणूस सव्वाशे किलोमीटरवरचं मुंबई विमानतळच गाठतो.

तोवर एवढं करा. मदत लागणार हे तिकीट काढतानाच कळवा, निदान 48 तास आधी तरी. फक्त चाकाची खुर्ची आणि चढण्या-उतरण्यापुरती मदत हवी असेल, तर वैद्यकीय दाखला मागायचा कंपनीला अधिकार नाही. आणि चढू दिलं नाही, तर कारण तिथल्या तिथे लेखी मागा. ते देणं कंपनीवर बंधनकारक आहे.