देवमासा वाचला, कुरल गेला

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कारंज्यात बसून देवमाशाविषयी लिहिणे काहींना हास्यास्पद वाटेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; समुद्र तर घरात कुणीच पाहिलेला नाही. परंतु मला जो प्रश्न मांडायचा आहे, तो आपल्या तलावाच्या काठापर्यंत येऊन पोचला आहे.

मिंक हा देवमाशांतला धाकटा भाऊ. लांबी आठ-नऊ मीटर. मोठे देवमासे मारून संपत आले, तेव्हा शिकाऱ्यांनी याच्याकडे मोर्चा वळविला. जगभर ओरड झाली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला. १९८६ पासून तो अमलात आला. नॉर्वे व जपान आजही मिंक मारतात, तरी उत्तरेकडील मिंक नामशेष होणाऱ्यांत गणला जात नाही.

आता दुसरा प्रवासी पाहा. बारीक चोचीचा कुरल हा पाणथळीचा पक्षी. सायबेरियात अंडी घालायची आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राकाठी उतरायचे, हा त्याचा शिरस्ता. १९९५ मध्ये मोरोक्कोत तो शेवटचा खात्रीने दिसला. २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

असे का व्हावे? देवमाशाचा मारेकरी समोर दिसत होता, म्हणून त्याला अडविता आले. कुरलाची कुठे शिकार झाली, कुठे दलदल उपसून शेत झाले. प्रत्येक देशाने थोडे थोडे घेतले. त्यामुळे गुन्हेगार कुणीच ठरला नाही. देवमाशाला आयोग मिळाला. चिखलाला वाली कोण?

आपणही याहून वेगळे नाही. वाघासाठी शेजारी २०१४ पासून बोर व्याघ्र प्रकल्प आहे, आणि तो हवाच. पण हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन आपल्या तलावाकाठी चिखलात चोच खुपसणाऱ्या इवल्याशा तुतारीला कोण विचारतो? पाणी ओसरले की काठावर नांगर फिरतो. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून दोन तासांची किंमत मी जाणतो. तरीही सगळाच काठ पेरायचा काय? ज्याला आपण पडीक म्हणतो, ते कुणाचे तरी ताट आहे.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्या भूगोल विभागाने तालुक्यातील एक तलाव तरी त्यासाठी घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पाखरे किती येतात हेच ठाऊक नसेल, तर ती यायची थांबली हे आपल्याला कळणार तरी कसे?