शब्दओळख : ‘ॲजिटेट’ म्हणजे घुसळणे



‘ॲजिटेट’ म्हटले की मोर्चा आणि घोषणाच डोळ्यांपुढे येतात. मात्र हे इंग्रजी क्रियापद लॅटिन ‘अगितारे’पासून आले. त्याचा अर्थ पुनःपुन्हा हलविणे, ढवळणे. आया-बहिणी रवीने ताक घुसळतात, तेही ॲजिटेटच. कपडे धुण्याच्या यंत्रातील घुसळणाऱ्या दांड्याला ‘ॲजिटेटर’ म्हणतात, तर मन ढवळून निघालेला माणूस ‘ॲजिटेटेड’ असतो. मागणीसाठी चळवळ करायची तर या क्रियापदापुढे ‘फॉर’ येते, विरोधात करायची तर ‘अगेन्स्ट’.

१९२४ साली बाबासाहेबांनी स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद होते ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’. आपण म्हणतो, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. यात क्रम बदलला. मूळ ब्रीदात ॲजिटेट मध्ये आहे. शिक्षणाने मन ढवळले पाहिजे, संघटना त्यानंतर. मन ढवळले नाही तर पदवी भिंतीवरच राहते आणि संघटनेत नुसती गर्दी जमते.

आपल्या शहरात १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. हा राजा भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा. याच नागसेनवनात शिकलेली मुले पुढे विद्यापीठाच्या नामांतरासाठी उभी राहिली. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. एवढी वर्षे मने ढवळलेली राहिली, म्हणून तो झाला.

घरात मुलगी ‘असं का?’ विचारते, तेव्हा तिला गप्प बसवू नका. ॲजिटेटची सुरुवात तिथेच होते.

जय भीम!