प्रेह विहारचा वाद : निकाल लागला, तरी तोफा का धडाडल्या?

जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया हे दोन बौद्धबहुल देश पाच दिवस एकमेकांशी लढले. डझनावारी माणसे मेली, लाखो बेघर झाली. २८ जुलैला मलेशियात युद्धबंदी ठरली, पण डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई पेटली. आपल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. त्यामुळे आपल्यातले काही जण लगेच बाजू घेऊ लागले. त्याआधी आपण हा वाद समजून घेऊ.

डांगरेक डोंगरावरचे प्रेह विहार हे ख्मेर राजांनी बांधलेले मंदिर. मूळ शिवाचे, पुढे तिथे बौद्ध उपासना होऊ लागली. १९०४ च्या करारात फ्रान्स आणि सयाम यांनी पाणलोटाची रेषा हीच सीमा मानली. फ्रेंच अधिकाऱ्यांनी १९०७ मध्ये काढलेल्या नकाशात मात्र मंदिर कंबोडियाकडे गेले. सयामने तो नकाशा स्वीकारला आणि अनेक दशके हरकत घेतली नाही.

फ्रेंच गेल्यावर १९५४ मध्ये थाई सैन्य मंदिरात शिरले. १९५९ मध्ये कंबोडिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १५ जून १९६२ रोजी न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाचे ठरवले. सयामचे दीर्घ मौन ही नकाशाला संमतीच होती, हा त्यातला कळीचा मुद्दा. थायलंडने निषेध नोंदवला, पण सैन्य मागे घेतले. पुढे चकमकी झाल्यावर २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की मंदिराचा संपूर्ण सुळकाही कंबोडियाचाच आहे.

मग २०२५ मध्ये युद्ध का? कारण न्यायालयाने संपूर्ण सीमा आखून दिलेली नाही. ता मोआन थोम, ता क्राबेई अशा मंदिरांचे वाद शिल्लक आहेत. जूनमध्ये कंबोडियाने तेही हेगला नेण्याची तयारी दाखवली. थायलंडने नकार दिला. द्विपक्षीय आयोगातच बोलू, असे म्हटले. दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय हे न्यायालय खटला चालवू शकत नाही. थायलंडने एकेकाळी दिलेली सर्वसाधारण संमती १९६० मध्ये संपली. न्यायालयाकडे पोलीस नाहीत. निकाल पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जाता येते, पण तिथे पाच बड्या देशांचा नकाराधिकार आहे.

म्हणून न्यायालय निरुपयोगी, असे आम्ही म्हणणार नाही. १९६२ च्या निकालाने एका मंदिराची मालकी बंदुकीविना ठरवली, हे लहान काम नाही. उणीव न्यायालयापेक्षा संमतीची आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग दिला आहे. शाक्य संघ कोलियांवर युद्ध पुकारायला निघाला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी पाचवा निवडावा. या पाचांनी वाद मिटवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. आजच्या आंतरराष्ट्रीय लवादाची रचनाही याच धर्तीची असते. संघाने बहुमताने तो नाकारला आणि सिद्धार्थाने घर सोडले.

आपल्यासाठी धडे दोन. हक्काचा प्रश्न असेल तर हरकत वेळेत आणि लेखी नोंदवावी; मौनाचा अर्थ संमती असा लावला जातो. आणि दोन बौद्ध देश लढत असतील तर आपली बाजू कोणत्याही झेंड्याची नसावी. पाच पंचांसमोर बसायला जो तयार आहे, त्याच्या मागे आपण उभे राहावे.