चुगली नव्हे, साक्ष

आत्मकथने वाचायला आम्हाला फार आवडते. दया पवारांचे ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’, बेबी कांबळेंचे ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके आमच्यात हातोहात फिरली, पाने सुटेपर्यंत वाचली गेली. ‘बलुतं’मधला कावाखाना मुंबईत नागपाड्यालगतचा. म्हणजे आमच्याच मोहल्ल्याच्या कुशीतला. तो वाचताना आम्ही हरखून गेलो आणि पुस्तक मिटल्यावर वरमलोही. पवारांनी आपल्या बाजूच्या खोल्या उघडून दाखवल्या. आमच्या बाजूच्या खोल्यांची दारे कोण उघडणार?

हा प्रश्न काढला की आमची बुजुर्ग मंडळी बोट दाखवून बजावतात, ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नका. ही गीबत झाली. दुसऱ्याचा ऐब झाकावा.’ वाचकहो, ही मंडळी दुसऱ्याचे आत्मकथन मिटक्या मारीत वाचतात, बरे का! शेजाऱ्याची खिडकी उघडी हवी, आपल्या दाराला मात्र जाड पडदा. याला आम्ही वाचनाचा आनंद म्हणत नाही. ही निव्वळ डोकावण्याची हौस आहे.

गीबत वाईटच, ते आम्हालाही मान्य आहे. पण पाठीमागे कुजबुजणे वेगळे आणि स्वतःच्या नावानिशी, स्वतःलाही न सोडता लिहिणे वेगळे. सूरह निसाच्या 135व्या आयतीत साक्षीचा हुकूम आहे. ती साक्ष स्वतःविरुद्ध गेली, आईबाप किंवा नातलगांविरुद्ध गेली, तरी इन्साफ सोडायचा नाही. आत्मकथन ही चुगली नव्हे, शहादत आहे.

आणि ही परंपरा काय बाहेरून आणायची आहे? बाबर बादशहाने स्वतःची मद्याची सवय लिहिली, हार लिहिली, खरबूज कापताना डोळ्यांत पाणी आले तेही लिहिले. त्याची मुलगी गुलबदन बेगम हिने ‘हुमायूंनामा’त जनानखान्यातल्या बायकांची सुखदुःखे नोंदवली. बादशहाला आणि शहजादीला ज्याची शरम वाटली नाही, त्याची शरम सोलापूरच्या विडी कामगाराला आणि मालेगावच्या मागवाल्याला का वाटावी?

मराठीतही वाट अगदीच कोरी नाही. मलिका अमरशेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिले, मेहरुन्निसा दलवाई यांनी ‘मी भरून पावले आहे’ लिहिले. धाडस बायकांनी केले, हे आम्ही पुरुषांनी ध्यानात ठेवावे. 1990मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर कथा आल्या, कविता आल्या. आत्मकथनाचा फड मात्र अजून विरळच आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही सुनवायला हवे. मुसलमानाचे आत्मकथन हाती आले की काही मराठी वाचक त्यात तलाक आणि बुरखा एवढेच शोधतात. ते सापडले की पुस्तक ‘धाडसी’, नाही तर ‘सामान्य’! आमच्या घरात दखनी बोलणारी आणि जात्यावरच्या ओव्या पाठ असणारी दादी आहे. ईदचा शिरखुर्मा शेजारी पोचवणारी पोरे आहेत. दंगलीनंतर त्याच शेजाऱ्याच्या दारावरून मान खाली घालून जाणारे अब्बाही आहेत. हे सगळे आम्ही लिहिले नाही, तर दुसरा कोणीतरी ऐकीव माहितीवर लिहील. मग तेच आमचे चरित्र ठरेल. तेव्हा तक्रार करायला आम्हाला तोंड राहणार नाही.

आत्मकथन वाचण्याचा खरा आनंद आम्हाला ‘बलुतं’ने दिला. परक्याच्या पानावर आपलीच जखम ओळखू येते, तो हा आनंद. तो आम्ही इतकी वर्षे फुकट घेतला. हे कर्ज आहे आणि कर्ज फेडल्याशिवाय मरू नये, असे अम्मा सांगत आली आहे.

तेव्हा आधी अम्मालाच विचारू या. ती सांगेल तसे लिहून घेऊ या. तिच्यानंतर हे सांगणारे कोणी उरणार नाही.