राखण शेठची, जखम मजुराची

डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यातल्या चिकूच्या वाड्यांना कुत्री लागतात, हे मला मान्य आहे. फळ चोरीला जातं, मोटारपंप चोरीला जातो, रात्री राखणदार एकटा असतो. पाळा, चार पाळा. पण तेच कुत्रं सकाळी कामाला येणाऱ्या बाईच्या पोटरीचा लचका तोडतं, तेव्हा शेठच्या तोंडून जे ऐकू येतं त्याची मला चीड आहे: "आपलं नाय ते. गावातलं आहे, येऊन बसतं इथे."

हे खोटं आहे, आणि बोलणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. कुत्र्याला भाकरी तुमच्या ओट्यावर मिळते. दिवसा ते तुमच्या फाटकाशी साखळीला असतं, रात्री तुम्हीच सोडता. फाटकावर "कुत्र्यापासून सावध राहा" ही पाटी तुम्हीच रंगवून घेतली आहे. त्या पाटीने आपली सुटका होते असा पुष्कळांचा समज आहे. उलट, कुत्रं चावरं आहे हे मालकाला आधीपासून माहीत होतं, याचा तो मालकाने स्वतःच्या हाताने लावलेला पुरावा आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं कलम २८९ आता २९१ झालं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना, जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेशी काळजी न घेणारा या कलमाखाली गुन्हेगार ठरतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा ताबा बघतो. कुत्र्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे, विकत घेतलं की रस्त्यावरून उचललं, हे तो विचारत नाही. जो पोसतो, बांधतो आणि सोडतो, त्याच्याच ताब्यात ते असतं. हयगयीने माणूस गंभीर जखमी झाला तर कलम १२५ आहे, तीन वर्षांपर्यंत. जीव गेला तर १०६, पाच वर्षांपर्यंत.

आणि हा २९१ दखलपात्र गुन्हा आहे. हे ठळक सांगतो, कारण घोडं इथेच अडतं. वाडीच्या वाटेने शाळेत जाणाऱ्या एका मुलीला चावा बसला, तेव्हा तिच्या बापाबरोबर मी ठाण्यात गेलो होतो. हवालदार म्हणाले, "कुत्र्यावर काय गुन्हा लावायचा?" मग एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून आम्हाला वाटेला लावलं. मुलीचा बाप एक शब्द बोलला नाही. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच शेठच्या वाडीत कामाला जायचं होतं. मालक निर्धास्त असतो तो नेमका याच गप्प बसण्याच्या जोरावर.

"तूच डिवचलं असशील" हा आणखी एक ठरलेला जबाब. टोपली डोक्यावर घेऊन चालणारी बाई कुत्र्याला कशाला डिवचेल? सात वर्षांच्या पोराने खडा मारला असेलही, पण पोरं खडे मारतात हे जगाला माहीत आहे. कुत्रं बांधून ठेवायचं ते त्यासाठीच.

आता खर्चाचा हिशेब. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, म्हणून मालक म्हणतो, "फुकटात तर होतंय." दंडावरची लस चार वेळा घ्यावी लागते: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. लचका तुटला असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं. पाड्यावरून तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा डहाणूला जायचं म्हणजे प्रत्येक खेपेला रिक्षाभाडं आणि एक खाडा. २०२५-२६ सालचा महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये. चार खाडे म्हणजे १,२४८ रुपये, भाडं वेगळं, आणि सुजलेल्या पायाने घरी बसलेले दिवस आणखी वेगळे. म्हणून तिसरी-चौथी सुई चुकते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. शेठची राखण स्वस्त पडावी म्हणून मजूर ही जोखीम अंगावर घेतो.

हायवेवर तलासरीजवळ ट्रकने उडवलं तर भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरण आहे, वाहनाला सक्तीचा विमा आहे. कुत्र्याने फाडलं तर यातलं काहीच नाही. पैसे हवे असतील तर दिवाणी दावा लावा, वकील द्या, वर्षानुवर्षं तारखांना जा. फौजदारी न्यायालय दोषी ठरवताना जखमीला भरपाई देऊ शकतं, पण त्यासाठी खटला आधी उभा राहायला हवा.

मुंबईत तो उभा राहतो. नेपियन सी रोडवर २०१० साली एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थाला चावे घेतले. गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली, पण २०२३ साली. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये शेजाऱ्याला हस्की चावला. मालकाला चार महिन्यांची कैद झाली, २०२५ मध्ये. तेरा वर्षं आणि सात वर्षं. दक्षिण मुंबईतल्या माणसाला एवढी चिकाटी परवडते. झाई-बोरीगावच्या मजुराकडे ती कुठून येणार?

१९४५ साली, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी, गोदावरी परुळेकरांसोबत वारली मजुरांनी वेठबिगार नाकारली. मालकाच्या सोयीचा भुर्दंड मजुराने निमूट भरायचा, तीच रीत आजही चावलेल्या पायावर चालू आहे. मी तिला वेठच म्हणतो.

डहाणू आणि तलासरी दोन्ही अनुसूचित क्षेत्रात येतात, इथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याचं बळ आहे. ते वापरा. वाडीवार कुत्र्यांची नोंद आणि लसीचा दाखला पंचायतीत ठेवायचा, चावा झाला तर खाडे आणि गाडीभाडं मालकाने भरायचं, असा ठराव घ्या. बऱ्याच वाडीवाल्यांना तो पटेल. कुत्र्यावर खरंच जीव असलेला माणूस त्याला लसही देतो आणि बांधूनही ठेवतो.

आणि ज्याला चावलं आहे त्याने जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. हळद, मिरची, चुना काही लावू नये. दवाखान्यातला प्रत्येक कागद जपून ठेवावा. ठाण्यात कलम २९१ चं नाव घ्यावं, एनसीवर सही करून उठू नये. नोंद नाकारली तर पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती हातात पडेपर्यंत ठाणं सोडू नका.